कंबरेचं माप आणि स्वभावाचा पंचनामा

आमच्या जुन्या घराच्या कोपऱ्यावर एका शिंप्याचं दुकान होतं. माप द्यायला माणूस उभा राहिला की त्याचं पोट आपोआप आत जायचं. मास्तर टेप कंबरेभोवती धरून नुसते थांबायचे. श्वास किती वेळ रोखून धरणार? मग हळूच म्हणायचे, "सोडा साहेब, पँट दिवसभर घालायचीय तुम्हाला." आणि वहीत आकडा लिहायचे. छाती, कंबर, सीट. वजन त्यांनी कधी कुणाचं विचारलं नाही. सत्तर किलोची दोन माणसं एकाच मापात बसत नाहीत, हे त्यांना धंद्याने शिकवलेलं होतं.

वैद्यकाला ही गोष्ट पटायला बराच वेळ लागला. फ्रान्समधल्या मार्से शहरातले डॉक्टर झाँ वाग यांनी १९४७ साली मांडलं की चरबी किती आहे याइतकंच ती कुठे आहे हेही महत्त्वाचं. पोटाच्या वरच्या भागात साठली तर मधुमेह आणि हृदयविकाराशी तिचं नातं जडतं. नितंब-मांड्यांवर साठली तर तितकं नाही. पण जगाने हातात घेतला तो वजनकाटाच. केटले नावाच्या बेल्जियन गणितीने १८३०च्या दशकात 'सरासरी माणूस' शोधताना वजन आणि उंचीचं एक सूत्र काढलं होतं. अँसल कीज यांनी १९७२ मध्ये त्याचं बीएमआय असं नामकरण केलं आणि ते दवाखान्यांच्या भिंतींवर जाऊन बसलं. त्या सूत्राला चरबी आणि स्नायू यांतला फरक कळत नाही, पोट आणि मांडी यांतला तर नाहीच.

आपल्या समाजाचं मात्र उलट झालं. आपण पोट पाहत आलोच, पण त्यात आपल्याला दिसला तो माणसाचा स्वभाव.

लग्नानंतर सहा महिन्यांत कंबर वाढली की आत्या म्हणणार, "लग्न मानवलं हो." धंद्यात जम बसलेल्याचं पोट म्हणजे 'खात्यापित्या घरचा' असल्याची खूण. बारीक माणसाला काही 'अंगी लागत नाही', म्हणजे तो कुढा, चिंता करणारा, कदाचित मत्सरीसुद्धा. हे सगळं तसं प्रेमाने चालायचं. गेल्या पंचवीस-तीस वर्षांत वारं फिरलं. तेच पोट आता आळशीपणाचा पुरावा आहे. 'स्वतःवर ताबा नाही', 'शिस्त नाही', 'तोंड आवरत नाही'. पूर्वी पोटावरून सुख वाचायचे, आता दोष वाचतात. पोट वाचायची सवय काही गेली नाही.

पोलिसांचं पोट घ्या. आपल्याकडे ते हमखास हशा मिळवतं, आणि त्या हशात एक आरोपही असतो. हा माणूस 'खातो'. फेब्रुवारी २०१७ मध्ये मुंबई महापालिकेच्या मतदानाच्या दिवशी एका प्रसिद्ध लेखिकेने एका स्थूल पोलिसाचा फोटो टाकून, आज मुंबईत 'भारी' बंदोबस्त आहे, अशा अर्थाची कोटी केली. लोक हसले. मग कळलं की तो माणूस मुंबईचा नव्हताच, मध्य प्रदेशच्या पोलीस दलातला होता. पित्ताशयाच्या जुन्या शस्त्रक्रियेनंतर शरीरातलं इन्शुलिनचं गणित बिघडल्याचं त्याने सांगितलं. पुढे त्याच्यावर मुंबईतच वजन घटवण्याची शस्त्रक्रिया झाली. एका फोटोवरून आपण त्याच्या सचोटीपर्यंत पोचलो होतो. मुंबईचे पोलीस वर्षानुवर्षं बारा-बारा तासांच्या पाळ्या करत होते आणि आठ तासांच्या पाळीचा प्रयोग २०१६ मध्ये कुठे एका ठाण्यापासून सुरू झाला, ही गोष्ट त्या विनोदात मावणारी नव्हती.

शरीरावरून स्वभाव ओळखण्याची हौस जुनी आहे आणि तिला विद्वानांचाही हात लागलेला आहे. चरकसंहितेच्या सूत्रस्थानात अतिस्थूल माणसाचं वर्णन येतं. नितंब, पोट आणि स्तन लोंबतात, असं. म्हणजे चरबी कुठे साठते याकडे चरकाचं नीट लक्ष होतं. कारणांच्या यादीत जास्त खाणं, गोड-स्निग्ध खाणं, व्यायाम न करणं, दिवसा झोपणं हे आहेच. त्याबरोबर 'हर्षनित्यत्व' आणि 'अचिंतन' हेही आहे. सदा आनंदात असणं आणि कशाची चिंता न करणं. आत्याच्या 'मानवलं'चं मूळ कदाचित इथवर मागे नेता येईल. पण त्याच यादीत शेवटी 'बीजस्वभाव' असाही शब्द आहे. बीजातूनच आलेला स्वभाव, आजच्या भाषेत आनुवंशिकता. आहारतज्ज्ञ म्हणून यूट्यूबवर बसलेली मंडळी चरकाचा आधार घेतात तेव्हा दिवसा झोपू नका एवढंच सांगतात. बीजस्वभाव गाळतात, कारण त्यावर विकायला काही नसतं.

युरोपात क्रेचमर नावाच्या जर्मन मनोवैद्याने १९२१ मध्ये देहयष्टी आणि स्वभाव यांची जोडी लावली. मग अमेरिकेत विल्यम शेल्डनने १९४०च्या दशकात माणसांचे तीन साचे पाडले. गोल देहाचा माणूस आरामप्रिय, खाण्यात रमणारा, लोकांत मिसळणारा. पिळदार देहाचा धाडसी. काटकुळा तो बुजरा आणि विचारी. हे शास्त्र म्हणून केव्हाच मोडीत निघालं. त्याची भाषा तेवढी मागे राहिली. जिममधला प्रशिक्षक आजही तुम्हाला 'एंडोमॉर्फ', म्हणजे गोल देहाचा, म्हणतो तेव्हा तो शेल्डनचंच उष्टं वाढत असतो, बिचाऱ्याला माहीत नसतं इतकंच.

मग स्वभावाचा आणि चरबीचा काहीच संबंध नाही का? आहे, आणि तो नाकारण्यात अर्थ नाही. अमेरिकेतल्या बाल्टिमोरमध्ये जवळपास दोन हजार माणसांचा पन्नासेक वर्षं पाठपुरावा झाला. त्यातून २०११ साली ॲन्जेलिना सुतिन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जे मांडलं ते दुर्लक्षिण्यासारखं नाही. उतावळेपणात सगळ्यांत वरच्या दहा टक्क्यांत असलेल्यांचं वजन सगळ्यांत खालच्या दहा टक्क्यांपेक्षा सरासरी ११ किलोंनी जास्त होतं. नेटक्या, कामसू, ठरवलेलं पार पाडणाऱ्या स्वभावाची माणसं तुलनेने सडपातळ होती. हे वाचून शिस्तप्रिय मंडळी खूश होतील. थोडं थांबावं. ही दोन टोकांची तुलना आहे. तुम्ही-आम्ही बहुतेक मधल्या ऐंशी टक्क्यांत असतो आणि तिथे स्वभावावरून एखाद्याच्या कंबरेचा अंदाज बांधायला गेलात तर तोंडघशी पडाल. शिवाय उतावळ्या माणसाला पोट सुटतं ते तो समोरचं खातो म्हणून. समोर काय आहे, हे त्याचा स्वभाव ठरवत नाही. पन्नास पावलांवर वडापावची गाडी नसलेल्या गावात उतावळेपणा वेगळ्या वाटेने बाहेर पडेल.

आणि मुख्य गोष्ट राहतेच. स्वभावाने फार तर चरबी किती जमेल यावर थोडा हात फिरवला. ती कुठे जाऊन बसेल हा प्रश्न निराळा आहे, आणि धोका त्या दुसऱ्या प्रश्नात आहे. कातडीखालची चरबी चिमटीत धरता येते, दिसायला वाईट दिसते, पण तुलनेने निरुपद्रवी असते. मांड्यांवरची तर थोडीफार राखणदारच म्हणावी. यकृत आणि आतड्यांभोवती दाटते ती खरी उपद्रवी. इन्शुलिनला न जुमानणारी, रक्तात मेदाम्लं सोडत राहणारी. २००४ मध्ये अमेरिकेत पंधरा स्थूल स्त्रियांच्या पोटावरून लायपोसक्शनने दहा-दहा किलोंच्या आसपास चरबी काढून पाहिली. आरशातलं चित्र बदललं, रक्तातलं काहीच सुधारलं नाही, कारण काढली ती कातडीखालची. उलट जपानी सुमो पैलवान पाहा. दीडशे किलोंचा देह, पण सराव चालू असेतो आतली चरबी त्या मानाने फारच कमी. पाहणाऱ्याला दोन्हीकडे पोटच दिसतं.

कुठे साठायचं हे कोण ठरवतं? कॅनडातल्या क्वेबेकमध्ये क्लॉद बुशार यांनी १९९० मध्ये प्रसिद्ध केलेला प्रयोग माझ्या मते या विषयातला सगळ्यांत बोलका आहे. एकसारख्या जुळ्या भावांच्या बारा जोड्या घेतल्या. आठवड्यातले सहा दिवस, एकूण ८४ दिवस, प्रत्येकाला रोज गरजेपेक्षा हजार कॅलरी जास्त खाऊ घातलं. सगळ्यांना सारखंच, डोळ्यांसमोर. स्वभावाला इथे वावच नव्हता. कुणी उतावळा असो वा संयमी, ताटातलं संपवायचंच. तरी कुणाचं वजन चार किलोंनी वाढलं, कुणाचं तेरा किलोंनी. आणि जुळे भाऊ एकमेकांसारखे वाढले. एकाच्या पोटात आत चरबी गेली तर दुसऱ्याच्याही गेली. आतल्या चरबीच्या बाबतीत जोड्याजोड्यांमधला फरक हा भावाभावातल्या फरकाच्या सुमारे सहापट निघाला.

आता पुण्यात येऊ या, कारण या कथेतलं सगळ्यांत महत्त्वाचं पान इथलं आहे, आणि पुणेकरांनाही ते पुरेसं माहीत नाही. केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे प्रा. जॉन युडकिन यांनी २००४ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात स्वतःचाच फोटो छापला. दोघं शेजारी शेजारी उभे. दोघांचा बीएमआय तंतोतंत सारखा, २२.३. शरीरातली चरबी मात्र युडकिनांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२ टक्के. सोबत थोडी थट्टाही होती. युडकिन मॅरेथॉन पळतात, याज्ञिकांचा मुख्य व्यायाम म्हणजे रोज सकाळी रुग्णालयाच्या लिफ्टचं दार मिटायच्या आत धावत गाठणं. इथवर वाचलं तर वाटतं, बघा, शेवटी जीवनशैलीच. पण त्याच टिपणात याज्ञिक आणखी एक गोष्ट नोंदवतात. जन्माच्या वेळी त्यांचं स्वतःचं वजन कमी होतं.

ही नोंद सहज केलेली नाही. १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा खेड्यांतल्या स्त्रियांचा गरोदरपणापासून अभ्यास चालू होता. त्या बायांचं गरोदरपणाआधीचं सरासरी वजन ४२ किलोंच्या आसपास, उंची पाच फूट. शेतातली कामं, पाणी आणणं, धुणी, हे सगळं पोटुशीपणातही चालू. त्यांची बाळं जन्मली तेव्हा सरासरी २.७ किलोंची होती. इंग्लंडमधल्या साउथहॅम्प्टनची बाळं ३.५ किलोंची. पुण्याकडची बाळं सगळीकडून लहान होती. स्नायू कमी, दंड बारीक, पोटातले अवयव लहान. एकच गोष्ट त्या मानाने कमी नव्हती, ती म्हणजे पाठीवर कातडीखाली असलेली चरबी. पुढे पुण्यातल्या आणि लंडनमधल्या नवजात बाळांचे एमआरआय काढले गेले. त्यात पुण्याची बाळं वजनाने कमी असूनही पोटातली चरबी त्यांचीच जास्त दिसली. हडकुळं तरीही चरबीदार बाळ.

त्या बाळांचा स्वभाव काय होता? एका दिवसाच्या जीवाने कोणती शिस्त मोडली होती?

मला हा सगळ्या वादाचा कणा वाटतो. आईच्या पोटात अन्न तोकडं पडलं की शरीर मेंदू वाचवतं, स्नायूंवर काटकसर करतं आणि पुढच्या उपासमारीसाठी गंगाजळी बाजूला ठेवतं. पुढे उपासमार आलीच नाही, बिस्किटाचा पुडा आला, तर तीच गंगाजळी अंगावर उलटते. त्या गावांतल्या सुमारे दोन-तृतीयांश गरोदर स्त्रियांमध्ये ब१२ जीवनसत्त्व कमी होतं. ज्या आयांमध्ये ब१२ कमी आणि फॉलेट हे दुसरं ब-जीवनसत्त्व जास्त होतं त्यांची मुलं सहाव्या वर्षी इन्शुलिनला जास्त दाद देईनाशी झालेली दिसली. पुण्यातच उंदरांच्या पन्नास पिढ्या अर्धपोटी वाढवून पाहिल्या गेल्या. २०१५ मध्ये ते काम प्रसिद्ध झालं. त्या उंदरांत पोटातली चरबी आणि इन्शुलिनचा बिघाड तर होताच, पण मग दोन पिढ्या पोटभर खायला घालूनही तो गेला नाही. माणूस उंदीर नव्हे, मान्य. पण पिढ्यान् पिढ्या दुष्काळ सोसलेल्या मुलखात बसून हे वाचताना अंगावर काटा येतो. आजोबांनी काढलेला उपास नातवाच्या कंबरेत सापडणं अशक्य नाही.

म्हणून राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीतले दोन आकडे शेजारी ठेवून पाहावेत. २०१९ ते २१ च्या पाहणीत देशातल्या २४ टक्के स्त्रिया बीएमआयच्या मापाने जादा वजनाच्या किंवा स्थूल निघाल्या. कंबर आणि नितंब यांचं गुणोत्तर मोजल्यावर मात्र धोक्याच्या बाजूला गेल्या ५६.७ टक्के. पुरुषांत २२.९ आणि ४७.७. मर्यादारेषा कुठे आखली यावर हे आकडे हलतात, हे खरं. तरीही वजनकाट्याला 'ठीक' वाटणारे कोट्यवधी लोक टेपला ठीक वाटत नाहीत, एवढं नक्की. बारीक हातापायांचा, घागरीसारख्या पोटाचा मराठी माणूस कुठल्याही लग्नाच्या पंगतीत दाखवता येईल. त्याला आपण आळशी म्हणतो. त्याचं जन्माचं वजन कुणी विचारत नाही.

मग सगळं बीजात आणि गर्भात ठरलेलं, आपण हात झटकावेत? नाही. उलट आतली चरबी ही शरीरातली सगळ्यांत चंचल चरबी आहे. नियमित चालण्या-पळण्याने वजनाचा काटा तसूभर हलला नाही तरी ती कमी होऊ शकते. (पोटाचे व्यायाम करून पोटावरचीच चरबी वितळते, हा समज मात्र सोडावा. शरीर हिशेब तसा ठेवत नाही.) माझी तक्रार व्यायामाशी नाही. 'जीवनशैली' या शब्दाशी आहे. शैली म्हणजे निवड. लेखकाची शैली, गायकाची शैली. विरारहून पहाटेची लोकल पकडणाऱ्या बाईने ती शैली म्हणून निवडली आहे का? चाकणच्या कारखान्यात आठवड्याला बदलणारी पाळी ही कुठली शैली?

झोपेचंच उदाहरण घेतो, कारण इथे पुरावा थेट आहे. अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकने २०२२ मध्ये बारा निरोगी, सडपातळ माणसांना दोन आठवडे रोज चारच तास झोपू दिलं. खाणं हवं तेवढं. त्यांच्या पोटातल्या आतल्या चरबीत सुमारे ११ टक्के वाढ झाली. वजन जेमतेम अर्धा किलो वाढलं. काट्यावर उभं राहिलं असतं तर कळलंही नसतं. मग पुरती झोप दिल्यावर खाणं कमी झालं, तरी ती आतली चरबी काही लगेच ओसरली नाही. बाराच माणसं होती, फार मोठा डोलारा यावर उभारू नये. पण झोप तुटली की चरबी कुठे जाते ते बदलतं, ही बाब दुर्लक्षून पाळ्या लावणाऱ्या व्यवस्थापनाने नंतर त्याच कामगाराला 'लाइफस्टाइल'वर व्याख्यान द्यावं, हा जरा कोडगेपणाच झाला.

ताणाचंही तसंच. कॉर्टिसॉल हे संप्रेरक सतत चढं राहिलं की चरबी हातापायांवरून निघून धडाकडे सरकते. कुशिंग विकारात हे टोकाला जातं. चेहरा गोल, पोट मोठं, हातपाय काटक्या. स्वीडनच्या पेर ब्योर्नटॉर्प यांनी हा धागा रोजच्या ताणापर्यंत नेला. एलिसा एपल यांनी २००० साली ५९ स्त्रियांना लागोपाठ दिवस ताणाची कामं दिली, तेव्हा कंबरेकडे चरबी असलेल्यांत कॉर्टिसॉल जास्त चढलं. त्यातल्या सडपातळ बायकांना तर त्या ताणाची सवयही होईना. इथे स्वभाव पुन्हा आत येतो. काही माणसं प्रसंग लवकर मनाला लावून घेतात. चरकाने म्हटलेल्या 'अचिंतना'ऐवजी चिंतनच पोट सुटायला कारण ठरतं की काय, असं वाटून मला गंमत वाटली. पण ब्रिटिश सरकारी नोकरांच्या दहा हजारांवर लोकांच्या व्हाइटहॉल अभ्यासाने २००६ मध्ये दाखवलं ते जास्त महत्त्वाचं. कामावरचा ताण ज्यांना वर्षानुवर्षं पुन्हा पुन्हा सोसावा लागला त्यांच्यात पोट, साखर, रक्तदाब यांचा एकत्रित बिघाड दुपटीहून अधिक होता. ताण स्वभावात जितका असतो त्याहून जास्त तो साहेबाच्या केबिनमध्ये असतो.

मी पूर्वी जिथे नोकरी करायचो तिथे दरवर्षी एक आरोग्य शिबिर भरायचं. सभागृहात सगळ्यांसमोर कंबर मोजायचे. एक वर्ष ज्यांची कंबर ठरावीक मापापेक्षा जास्त भरली त्यांच्या नावापुढे लाल ठिपका असलेली यादी सूचनाफलकावर लागली. आमच्यातल्या एका गृहस्थांनी दुसऱ्या वर्षीपासून त्या दिवशी रजा टाकायला सुरुवात केली. शिबिराने त्यांच्यावर केलेला एवढाच परिणाम मी पाहिला. सुतिन यांचंच आणखी एक काम आहे, २०१३ चं. वजनावरून हिणवलं गेल्याचं ज्यांनी सांगितलं ती माणसं काही वर्षांनी स्थूल होण्याची शक्यता इतरांच्या अडीचपट होती. म्हणजे स्वभावाचा संबंध शोधणाऱ्या बाईंनाच शेवटी हिणवण्याचा संबंध त्याहून ठळक सापडला.

जपानने तर टेपचा कायदाच केला. एप्रिल २००८ पासून ४० ते ७४ वयाच्या लोकांची कंबर दरवर्षी मोजायची. पुरुषांना ८५ सेंटिमीटर, स्त्रियांना ९०. वर गेलात तर समुपदेशन, आणि उद्दिष्ट चुकलं तर दंड व्यक्तीला नव्हे, विमा चालवणाऱ्या संस्थेला. आपल्याकडच्या शिबिरापेक्षा हे कितीतरी सभ्य. तरी २०२० मध्ये सुमारे पाऊण लाख पुरुषांचा हिशेब मांडला गेला तेव्हा एका वर्षात वजन पाव किलोच्या आसपास आणि कंबर एका सेंटिमीटरच्या तिसऱ्या हिश्श्याएवढी उतरलेली निघाली. रक्तदाबात, साखरेत नोंद घ्यावी असा फरक नाही. शिस्तीसाठी जगभर नावाजलेल्या देशात, शिस्तीला केलेल्या आवाहनाची ही मजल.

आपल्याकडे फेब्रुवारी २०२५ मध्ये पंतप्रधानांनी आकाशवाणीवरून तेल दहा टक्के कमी वापरा, असं आवाहन केलं. सल्ला चुकीचा नाही, तेल कमी केलेलं बरंच. पण सरकारचं काम गृहिणीच्या पळीपाशी संपत नाही. गरोदर बाईच्या रक्तातलं ब१२ कोण पाहणार? रात्रपाळीनंतर किती तासांनी पुढची पाळी लावायची याचे नियम कोण तपासणार? फूटपाथ नसलेल्या उपनगरात 'रोज दहा हजार पावलं' नक्की कुठे टाकायची?

इथे हमखास येणारा आक्षेप असा, की दोष काढून घेतला तर माणसं प्रयत्नच सोडतील. मला तो अनुभवाशी जुळत नाही. चष्मा लागला म्हणून कुणी स्वतःला चारित्र्यहीन समजत नाही, आणि तरीही चष्मा घालतो. कंबरेबाबत तीच सहजता यायला हवी. माप घ्यायचं, पण नीट घ्यायचं. पुरुष सांगतात, "माझी कंबर अजून चौतीसच." कारण पँट पोटाच्या खाली उतरलेली असते. तो पँटचा आकडा झाला. कंबर मोजायची ती शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या मधोमध, श्वास सोडून. भारतीयांसाठी धोक्याची रेषा पुरुषांना ९० सेंटिमीटर, बायकांना ८०. शिंप्याच्या भाषेत साडेपस्तीस आणि साडेएकतीस इंच. पाळी गेल्यावर बाईची चरबी मांड्यांवरून पोटाकडे सरकते, तो तिचा निष्काळजीपणा नसतो, इस्ट्रोजेन ओसरलेलं असतं. हे तिला आधीच कुणी सांगितलं असतं तर तिने आरशासमोर स्वतःला बोल लावण्यात वर्ष घालवलं नसतं.

आशाताई घरोघरी जाऊन तिशीवरच्या लोकांचा एक तक्ता भरतात. त्यात गुण पडतात ते वय, तंबाखू, दारू, कंबर, आठवड्यातला व्यायाम आणि घरातले आजार यांना. बाई ८० सेंटिमीटरच्या आत असेल तर शून्य, ९०च्या वर गेली तर दोन. साधा, कामाचा तक्ता आहे, आणि वजनकाट्याऐवजी टेप घेऊन दारात येणारी सरकारी योजना हे मला मोठंच पाऊल वाटतं. पण झोपेला त्यात गुण नाहीत, कामाच्या पाळीला नाहीत, जन्माच्या वजनालाही नाहीत. म्हणाल, तिशी-चाळिशीच्या बाईला स्वतःचं जन्माचं वजन कुठून ठाऊक असणार? घरी बाळंतपण झालं, काटा नव्हताच. खरं आहे. पण आई हयात असेल तर ती एक शब्द हमखास सांगते. त्या रकान्यात 'लहानखुरी होती' एवढं लिहून घेतलं तरी चालेल.